कोसोवो वेगळा झाला, वोय्वोदिना का नाही?

प्रश्न असा आहे: युगोस्लाव्हियाच्या १९७४च्या राज्यघटनेने सर्बियातल्या कोसोवो आणि वोय्वोदिना या दोन प्रांतांना सारखीच स्वायत्तता दिली. सर्बियाचा नेता स्लोबोदान मिलोशेविच याने ती दोघांकडूनही जवळपास एकाच वेळी काढून घेतली. दोन्हीकडे सर्ब नसलेले लोक मोठ्या संख्येने होते, दोघांचाही इतिहास बेलग्रेडपेक्षा वेगळा होता. मग एक प्रांत स्वतंत्र देश झाला आणि दुसरा आजही सर्बियात नांदतो, हे कसं? आणि बाल्कनमधल्या बाकीच्या प्रदेशांना हाच नियम लावता येतो का?

मी पेशाने पोलीस. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांतून आधी बोस्नियात आणि मग कोसोवोत काम केलं, आणि तेव्हापासून या भागाचा अभ्यास सुटलेला नाही. त्यामुळे माझं उत्तर ठाणं, शाळा आणि नोंदणी कार्यालय यांच्या बाजूने येतं. माझं मत असं की प्रादेशिक अस्मिता बाल्कनमध्ये जवळजवळ प्रत्येक खोऱ्यात सापडते, आणि तिच्यातून फुटून निघण्याची मागणी आपोआप जन्मत नाही. शासनाने या तीन ठिकाणी एखाद्या समाजाला परकं ठरवलं, की ती मागणी घरोघरी पोचते. ती यशस्वी होते की नाही, हे मात्र संख्या, शेजारचा देश, शस्त्रं आणि नकाशावर आधीपासून असलेली रेघ यांवर ठरतं. 'तिथे शतकानुशतकांचं वैर आहे' हे उत्तर सोपं असल्यामुळे फार चालतं. त्याने वोय्वोदिनाचंही स्पष्टीकरण मिळत नाही आणि कोसोवोचंही.

आधी १९७४. तेव्हा देशात सहा प्रजासत्ताकं होती: स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया-हर्झेगोव्हिना, सर्बिया, मॉन्टेनेग्रो आणि मॅसिडोनिया. सर्बियाच्या पोटात दोन स्वायत्त प्रांत होते. उत्तरेला वोय्वोदिना, राजधानी नोवी साद. दक्षिणेला कोसोवो, राजधानी प्रिश्तिना. प्रांतांना स्वतःची घटना, विधानसभा, न्यायालयं आणि पोलीस होते, शिवाय देशाच्या सामूहिक अध्यक्षमंडळात प्रत्येकी एक जागा. व्यवहारात ती प्रजासत्ताकंच होती. तरीही एक फरक मुद्दाम राखला होता. फुटून निघण्याच्या हक्काचा उल्लेख सर्ब, क्रोएट, स्लोव्हेन अशा 'राष्ट्र' मानलेल्या समाजांपुरता होता. अल्बेनियन आणि हंगेरियन त्या यादीत नव्हते, कारण त्यांचा देश युगोस्लाव्हियाच्या बाहेर आहे असा हिशेब होता. १९८१च्या जनगणनेत मॉन्टेनेग्रोची लोकसंख्या सहा लाखांच्याही खाली होती, पण दर्जा प्रजासत्ताकाचा. कोसोवोत पंधरा लाखांहून अधिक माणसं, त्यातली ७७ टक्के अल्बेनियन, आणि दर्जा प्रांताचा. युगोस्लाव्हियाचे सर्वेसर्वा टिटो ४ मे १९८० रोजी गेले. पुढच्याच मार्चमध्ये प्रिश्तिना विद्यापीठाच्या खानावळीतल्या जेवणावरून विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं आणि काही आठवड्यांत ते 'कोसोवो प्रजासत्ताक' या घोषणेवर पोचलं. ते लष्कर आणि पोलीस घालून मोडलं गेलं. घोषणा अजून सातव्या प्रजासत्ताकाची होती, वेगळ्या देशाची नव्हती. हे विसरलं जातं म्हणून मुद्दाम सांगतो.

वोय्वोदिनाची घडण निराळी. दान्यूब, तिसा आणि सावा या नद्यांमधली ही सपाट, सुपीक जमीन १९१८पर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राज्यात होती. सर्ब, हंगेरियन, स्लोव्हाक, रोमेनियन, रुसिन, क्रोएट असे अनेक समाज तिथे राहतात. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या जर्मनांना हाकलून दिलं गेलं आणि त्यांच्या रिकाम्या घरांत बोस्निया, क्रोएशिया, मॉन्टेनेग्रोमधून आणलेली सर्ब आणि मॉन्टेनेग्रिन कुटुंबं वसवली गेली. परिणामी १९८१मध्ये वोय्वोदिनात सर्ब ५४ टक्के होते आणि हंगेरियन १९ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे इथल्या स्वायत्ततेचे पुरस्कर्ते बहुतेक सर्बच होते. त्यांचा मुद्दा होता की आम्ही मध्य युरोपच्या वळणाचे आहोत, आमचा गहू आणि आमचं तेल बेलग्रेड घेऊन जातं, आमचे निर्णय नोवी सादमध्ये व्हावेत. या अस्मितेत अभिमान खरा आहे आणि तक्रारही खरी आहे. पण जिल्ह्याच्या ठाण्यावरचा पोलीस, शाळेतला शिक्षक आणि तक्रार करणारा माणूस हे बहुतांशी एकाच समाजाचे होते.

ऑक्टोबर १९८८मध्ये मिलोशेविचच्या समर्थकांनी बसा भरभरून माणसं नोवी सादला आणली. प्रांतिक सरकारच्या इमारतीवर दगडांबरोबर दह्याची पाकिटं फेकली गेली, म्हणून त्या दोन दिवसांना 'दही क्रांती' असं नाव पडलं. ६ ऑक्टोबरला प्रांताच्या नेतृत्वाने राजीनामा दिला. कोसोवोत इतक्या सहज झालं नाही. नोव्हेंबरमध्ये ट्रेप्चा खाणीतले अल्बेनियन कामगार आपल्या नेत्यांना काढू नये म्हणून प्रिश्तिनापर्यंत चालत गेले. फेब्रुवारी १९८९मध्ये ते खाणीच्या पोटात उपोषणाला बसले. २३ मार्च १९८९ रोजी बाहेर रणगाडे उभे असताना कोसोवोच्या विधानसभेने आपलीच स्वायत्तता कमी करणाऱ्या दुरुस्तीला मान्यता दिली. मधल्या काळात, जानेवारीत, मॉन्टेनेग्रोचं नेतृत्वही बदललं होतं. आता आठ जणांच्या अध्यक्षमंडळात चार मतं मिलोशेविचच्या मुठीत होती. स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया देशाबाहेरचा रस्ता शोधू लागले, त्यामागे हे साधं गणित होतं. कोसोवोची स्वायत्तता गेली आणि त्याची किंमत अख्ख्या युगोस्लाव्हियाने मोजली.

आता दोन प्रांतांची वाट कुठे फुटली ते पाहू. स्वायत्तता गेल्यावर वोय्वोदिनात काय बदललं? एका गटाच्या सर्ब नेत्यांकडून सत्ता दुसऱ्या गटाच्या सर्ब नेत्यांकडे गेली, आणि पैशाचे निर्णय बेलग्रेडला गेले. हंगेरियन माध्यमाच्या शाळा चालू राहिल्या. 'मज्यार सो' हे हंगेरियन दैनिक निघत राहिलं. गावातल्या कार्यालयातला कारकून दुसऱ्या दिवशीही तोच होता.

कोसोवोत १९९० आणि १९९१ या दोन वर्षांत अल्बेनियन माणूस सार्वजनिक जीवनातून पुसून टाकला गेला. अल्बेनियन पोलिसांना काढलं. 'रिलिंद्या' हे अल्बेनियन दैनिक आणि प्रिश्तिना दूरदर्शनचं अल्बेनियन प्रसारण बंद केलं. रुग्णालयांतून डॉक्टर आणि परिचारिका काढल्या. शाळांवर बेलग्रेडचा अभ्यासक्रम लादला आणि तो नाकारणाऱ्या शिक्षकांचे पगार थांबवले. विद्यापीठाची दारं अल्बेनियन विद्यार्थ्यांना बंद झाली. सरकारी आणि सार्वजनिक नोकऱ्यांतून एक लाखाहून अधिक अल्बेनियन बाहेर पडले. सर्ब आणि अल्बेनियन यांच्यातल्या घरजमिनीच्या व्यवहारांवरही कायद्याने बंधन आणलं. लोक व्यवहार करायचे थांबले नाहीत, ते साध्या कागदावर करू लागले. युद्धानंतर आम्ही तिथे गेलो तेव्हा एकाच घरावर दोन कुटुंबं हक्क सांगत: एकाकडे नोंदणीकृत खरेदीखत, दुसऱ्याकडे पैसे मोजून लिहून घेतलेला साधा करार, आणि दोघांचंही म्हणणं खरं. घरांच्या मालकीसाठी संयुक्त राष्ट्रांनी जे संचालनालय उभारलं, त्याच्याकडे सुमारे २९ हजार दावे आले.

जुलै १९९०मध्ये विधानसभेचं दार बंद आढळलं तेव्हा अल्बेनियन सदस्यांनी पायऱ्यांवर उभं राहून कोसोवो प्रजासत्ताक जाहीर केलं. त्यानंतरची सात-आठ वर्षं मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटतात, आणि त्यांच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. इब्राहिम रुगोवा हे साहित्याचे अभ्यासक. त्यांच्या नेतृत्वाखाली अल्बेनियन समाजाने शस्त्र न उचलता दुसरं राज्यच उभारलं. शाळा घरांच्या खोल्यांत आणि तळघरांत भरू लागल्या. दवाखाने चालले. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये काम करणारे नातेवाईक उत्पन्नाचा तीन टक्के वाटा या समांतर सरकारला देत. अंतोन चेत्ता या लोकसाहित्याच्या प्राध्यापकांनी खेडोपाडी फिरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेली खुनाच्या बदल्याची वैरं मिटवली, आणि तरुण मुलांनी हजारोंच्या सभेत भावाच्या मारेकऱ्याला माफ केलं. हा अहिंसक लढा होता आणि तो मोठ्या निष्ठेने लढला गेला.

त्याला काय मिळालं? नोव्हेंबर १९९५मध्ये डेटनला बोस्नियाचा करार ठरला, त्यात कोसोवोचा विषयच नव्हता. शस्त्र उचलणाऱ्या बोस्नियाच्या सर्बांना त्यांचा वेगळा घटक मिळाला, शस्त्र न उचलणाऱ्या अल्बेनियनांना काहीच नाही. १९९६मध्ये रुगोवा आणि मिलोशेविच यांनी शाळा पुन्हा उघडण्याच्या करारावर सह्या केल्या, तोही अमलात आला नाही. तळघरात शिकून मोठ्या झालेल्या पिढीने यातून जो अर्थ काढला तो काढला. १९९७मध्ये शेजारच्या अल्बेनियात गुंतवणुकीच्या फसव्या योजना कोसळल्या, राज्ययंत्रणा ढासळली आणि लष्करी कोठारं लुटली गेली. ती शस्त्रं डोंगर ओलांडून कोसोवो मुक्ती सेनेकडे आली. पुढचं बहुतेकांना माहीत आहे. १९९८मध्ये गावं जळाली, मार्च ते जून १९९९ नाटोची बॉम्बफेक झाली, आणि त्याच काळात आठ लाखांहून अधिक अल्बेनियनांना सीमेपलीकडे हाकलण्यात आलं. जाताना त्यांची ओळखपत्रं आणि गाड्यांच्या पाट्या काढून घेतल्या गेल्या. सर्ब प्रशासन माघारी गेलं तेव्हा जन्ममृत्यूची आणि जमिनीची दप्तरंही सर्बियाला घेऊन गेलं. त्यांच्या प्रती परत देण्याचं २०११च्या ब्रुसेल्स चर्चेत ठरलं. ज्या राज्याने तुमचा जन्मदाखलाच उचलून नेला, त्याच्याबरोबर पुन्हा राहा असं सांगायला १९९९नंतर कुणाकडेही तोंड नव्हतं. १७ फेब्रुवारी २००८ रोजी कोसोवोने स्वातंत्र्य जाहीर केलं. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

वोय्वोदिनात सगळं सुरळीत होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. १९९२मध्ये ह्र्तकोव्त्सी गावातल्या क्रोएटांना धमक्या देऊन घरं सोडायला लावली. त्या गावातल्या भाषणासाठी जहाल सर्ब राष्ट्रवादी नेते वोयिस्लाव शेशेल यांना २०१८मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणाने अपिलात दोषी ठरवलं. हंगेरियन तरुण लष्करभरती टाळायला हजारोंच्या संख्येने हंगेरीत गेले. क्रोएशिया आणि बोस्नियातून आलेल्या सर्ब निर्वासितांमुळे २००२पर्यंत सर्बांचं प्रमाण ६५ टक्क्यांवर गेलं. पण हंगेरियनांची संख्या कमी, ती मुख्यतः उत्तरेकडे एकवटलेली, बुडापेस्टने प्रदेशावर दावा सांगितला नाही, आणि शाळा टिकल्या. २००० साली मिलोशेविच गेल्यावर काही अधिकार परत मिळाले. २००६च्या सर्बियाच्या घटनेत प्रांताचं अंदाजपत्रक देशाच्या अंदाजपत्रकाच्या किमान सात टक्के असावं असं लिहिलं आहे. हे सात टक्के खरोखर मिळतात का, यावर नोवी साद आणि बेलग्रेड यांच्यात सतत वाद होतो. २०१२मध्ये घटना न्यायालयाने प्रांताच्या अधिकारांच्या कायद्यातली बरीच कलमं रद्द केली तेव्हा लोक चिडले, पण कोर्टातला आणि विधिमंडळातला वाद म्हणूनच चिडले. प्रांतात आज सहा भाषा अधिकृत आहेत. हंगेरियनांचा मुख्य पक्ष बेलग्रेडच्या सत्ताधाऱ्यांबरोबर सौदा करून आपली कामं करून घेतो. अशा ठिकाणी स्वायत्ततावादी पक्ष असतात, प्रांताचा ध्वज असतो, पैशावरून कडवट भांडणं असतात. फुटीरतेला लागणारं इंधन नसतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. हाच नियम सगळीकडे लावताना एक सावधगिरी बाळगायला हवी. काही चळवळी खालून वर आल्या, काही वरून खाली उतरवल्या गेल्या. क्रोएशियातल्या सर्बांचं उदाहरण त्या दोन्हींच्या मधलं आहे. ते तिथल्या लोकसंख्येच्या १२ टक्के होते. डिसेंबर १९९०च्या क्रोएशियाच्या नव्या घटनेने त्यांचा देशाच्या घटक-राष्ट्राचा दर्जा काढून अल्पसंख्याकांचा दिला. क्रोएशियातल्या क्निन परिसरात दुसऱ्या महायुद्धातल्या उस्ताशांच्या, म्हणजे क्रोएट फॅसिस्टांच्या, कत्तलींच्या आठवणी जिवंत असलेली माणसं होती, त्यांची भीती खोटी नव्हती. ऑगस्ट १९९०मध्येच त्यांनी रस्त्यांवर ओंडके टाकून नाकेबंदी केली होती. पण त्या भीतीला तोफा आणि पगार बेलग्रेडने पुरवले, आणि मग क्राइनातून, म्हणजे सर्बांनी ताब्यात घेतलेल्या त्या पट्ट्यातून, क्रोएट गावं रिकामी केली गेली. १९९२मध्ये तिथे संयुक्त राष्ट्रांची सेना आली. तिचे पहिले सेनापती लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. बेलग्रेडचा पाठिंबा आटला तसा क्राइनाचा पायाही गेला. ऑगस्ट १९९५मध्ये क्रोएशियाच्या लष्कराने काही दिवसांत तो भाग घेतला आणि दीड ते दोन लाख सर्ब ट्रॅक्टरवर संसार लादून निघून गेले. पूर्व स्लाव्होनियात मात्र संयुक्त राष्ट्रांच्या अंतरिम प्रशासनाने दोन वर्षांत पोलीस, शाळा, कार्यालयं टप्प्याटप्प्याने क्रोएशियाकडे सोपवली आणि जानेवारी १९९८मध्ये तो प्रदेश लढाईविना परत जोडला गेला. त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं, कारण तिथे गोळी चालली नाही.

नकाशावरच्या रेघेचा मुद्दा इथे येतो. १९९१-९२मध्ये रोबेर बादँतेर यांच्या अध्यक्षतेखालच्या युरोपीय लवादाने ठरवलं की प्रजासत्ताकांच्या अंतर्गत सीमा हीच नव्या देशांची आंतरराष्ट्रीय सीमा. क्रोएशिया आणि बोस्नियातल्या सर्बांना अल्पसंख्याकांचे पूर्ण हक्क मिळतील, सीमा बदलता येणार नाही. मॉन्टेनेग्रो २००६मध्ये शांतपणे वेगळा होऊ शकला तो याच नियमामुळे. ५५ टक्क्यांची अट होती, ५५.५ टक्के मतं पडली, आणि बेलग्रेडने निकाल स्वीकारला. कोसोवो प्रांत असल्यामुळे तेव्हा या नियमात बसला नाही, आणि त्याच्या मान्यतेचा वाद आजपर्यंत चालू आहे त्याचं कायदेशीर मूळ तिथेच आहे.

बोस्नियातल्या सर्ब घटकाला, म्हणजे रेपुब्लिका स्र्प्स्काला, कोसोवोच्या पंगतीत बसवतात तेव्हा मला ते अजिबात पटत नाही. देशाचा ४९ टक्के भूभाग त्याच्याकडे आहे, आणि त्यातला बराचसा प्रियेदोर, फोचा, झ्वोर्निक, स्रेब्रेनिका इथून बोस्नियाकांना, म्हणजे बोस्नियाच्या मुस्लिमांना, मारून आणि हाकलून 'आपला' केलेला आहे. एकट्या स्रेब्रेनिकात जुलै १९९५मध्ये आठ हजारांहून अधिक माणसं मारली गेली. छळामुळे वेगळं होऊ पाहणारा समाज आणि छळ करून मिळवलेला प्रदेश या दोन गोष्टी सारख्या मापाने मोजता येत नाहीत. तिथल्या सामान्य सर्ब माणसाचं घर आणि भीती खरी आहे, हेही तितकंच ठामपणे सांगतो. या घटकाचे नेते मिलोराद दोदिक यांनी वर्षानुवर्षं वेगळं होण्याची भाषा केली. त्यांना उच्च प्रतिनिधींचे, म्हणजे डेटन कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय अधिकाऱ्याचे, निर्णय न पाळल्याबद्दल फेब्रुवारी २०२५मध्ये एक वर्षाची कैद आणि सहा वर्षांची राजकीय बंदी झाली. ऑगस्टमध्ये ती अपिलातही कायम राहिली आणि त्यांचं अध्यक्षपद गेलं. धमकी देणं त्यांना परवडत होतं. प्रत्यक्ष वेगळं होणं कठीण, कारण ब्र्च्को हा स्वतंत्र जिल्हा त्या घटकाचे पूर्व-पश्चिम दोन तुकडे करतो. २०००पासून ब्र्च्कोत एकच पोलीस दल आणि एकच प्रशासन आहे, आणि शाळाही एकत्र केल्या गेल्या.

बोस्नियात आम्ही निःशस्त्र निरीक्षक होतो, स्थानिक पोलिसांवर लक्ष ठेवणं हे काम. तिथे शांततेच्या बाजूने सर्वांत जास्त काम कशाने केलं असं कुणी विचारलं तर मी गाड्यांच्या नंबरपाट्यांचं नाव घेतो. युद्धानंतर प्रत्येक बाजूची पाटी वेगळी होती. पाटी पाहूनच नाक्यावरचा पोलीस ओळखायचा की ही गाडी 'त्यांची' आहे, मग दंड, झडती, कधी मारहाण. डेटन कराराने फिरण्याचं स्वातंत्र्य दिलं होतं, पण लोक घटकांची हद्द ओलांडत नव्हते. १९९८मध्ये उच्च प्रतिनिधींनी संपूर्ण देशाला एकसारखी पाटी लावली. अक्षरं घेतली ती लॅटिन आणि सिरिलिक दोन्ही लिप्यांत सारखी दिसणारी, फक्त सात. गाडी कुठली हे कळेनासं झालं आणि हद्दीवरची वाहतूक झपाट्याने वाढली. लोक जुनी घरं पाहायला जाऊ लागले, बाजाराला जाऊ लागले.

मॅसिडोनियात हीच गोष्ट मोठ्या पातळीवर झाली. तिथे एक चतुर्थांश लोक अल्बेनियन, पण पोलिसांत आणि नोकरशाहीत फारच थोडे. १९९४मध्ये तेतोवोत अल्बेनियन भाषेचं विद्यापीठ सुरू झालं, सरकारने ते बेकायदा ठरवलं. २००१मध्ये डोंगरांत सशस्त्र उठाव झाला आणि सगळ्यांना वाटलं की आता दुसरा कोसोवो. त्याच वर्षी १३ ऑगस्टला ओह्रिदचा करार झाला. जिथे एखादा समाज किमान २० टक्के आहे तिथे त्याची भाषा कामकाजात आली. पोलिसांत अल्बेनियनांची भरती झाली. भाषा, शिक्षण, स्थानिक स्वराज्य अशा विषयांवरच्या कायद्यांना अल्पसंख्य सदस्यांचंही बहुमत लागेल असं ठरलं. तेतोवोच्या विद्यापीठाला २००४मध्ये मान्यता मिळाली. उठावाचे नेते अली अहमेती निवडणूक लढवून २००२मध्येच सत्तेत भागीदार झाले. बहुसंख्य मॅसिडोनियनांना हा करार बंदुकीपुढे झुकल्यासारखा वाटला आणि त्यांचा तो सल मी समजू शकतो. पण देश एकसंध राहिला, आणि हीच कलमं १९९४ला दिली असती तर डोंगरात कुणी गेलं नसतं असं माझं ठाम मत आहे.

इस्त्रियाबद्दल थोडक्यात. क्रोएशियाचा हा पश्चिम कोपरा दोन महायुद्धांच्या दरम्यान इटलीकडे होता. २०११च्या जनगणनेत तिथल्या १२ टक्के लोकांनी स्वतःला क्रोएट, सर्ब, इटालियन काहीही न म्हणवता 'इस्त्रियन' लिहिलं. क्रोएशियाचे पहिले अध्यक्ष तुजमन यांना ही अस्मिता देशद्रोहासारखी वाटायची. प्रादेशिक पक्षाने मात्र १९९३पासून बरीच वर्षं जिल्हा चालवला, दुकानांवर इटालियन पाट्या लागल्या, इटालियन शाळा चालल्या, आणि स्वतंत्र देशाचं कुणाच्या मनातही आलं नाही.

उलट आरसा पाहायचा असेल तर उत्तर कोसोवो पाहा. इबर नदीच्या उत्तरेला चार सर्बबहुल नगरपालिका आहेत. तिथे १९९९नंतर सर्बांनी बेलग्रेडच्या पैशावर स्वतःची शाळा, रुग्णालय, विद्यापीठ आणि पगार चालवले. म्हणजे रुगोवांच्या अल्बेनियनांनी नव्वदच्या दशकात जे केलं होतं तेच. मार्च २००४च्या दंगलीत १९ माणसं मेली, सर्बांची शेकडो घरं आणि अनेक चर्च जळली. ज्यांची घरं जळाली त्यांना प्रिश्तिनाच्या पोलिसांवर विश्वास ठेवा असं सांगणं आम्हालाही जड गेलं. इबरच्या दक्षिणेला, ग्राचानित्सा किंवा श्त्र्प्त्से भागात, सर्ब नगरपालिका कोसोवोच्या कायद्याखाली काम करतात आणि तिथे तणाव कमी आहे. उत्तरेत २०२२मध्ये पुन्हा नंबरपाट्यांवरूनच पेटलं. सर्ब पोलीस, न्यायाधीश, महापौर यांनी एकदम राजीनामे दिले. पुढच्या वर्षीच्या पोटनिवडणुकीत जेमतेम साडेतीन टक्के मतदान झालं, आणि सप्टेंबर २०२३मध्ये बान्यस्कात सशस्त्र हल्ला झाला. २०१३च्या ब्रुसेल्स करारात कबूल केलेला सर्ब नगरपालिकांचा संघ प्रिश्तिनाने स्थापन केलेला नाही. माझ्या मते तो व्हायला हवा, त्याच्या अधिकारांची हद्द स्पष्ट लिहून. त्याऐवजी २०१८मध्ये चर्चेत आलेली भूभागांच्या अदलाबदलीची कल्पना मला घातक वाटते. इबरच्या उत्तरेचा तुकडा सर्बियाला आणि दक्षिण सर्बियातलं अल्बेनियनबहुल प्रेशेवो खोरं कोसोवोला दिलं, की ग्राचानित्सातल्या सर्बांचं काय आणि बोस्नियाच्या सीमेचं काय, हे दोन प्रश्न त्याच संध्याकाळी उभे राहतील.

राहिला संजाक, सर्बिया आणि मॉन्टेनेग्रोत विभागलेला बोस्नियाक प्रदेश, मुख्य शहर नोवी पझार. इथे अस्मिता घट्ट आहे आणि तक्रारीही जुन्या आहेत. ऑक्टोबर १९९१मध्ये स्वायत्ततेसाठी जनमत घेतलं गेलं, बेलग्रेडने ते मानलं नाही. १९९२-९३मध्ये बसमधून आणि रेल्वेतून बोस्नियाक प्रवाशांना उतरवून मारलं गेलं. त्या दशकात निर्बंध असतानाही या शहराने जीन्स शिवून पोट भरलं. तिथून सशस्त्र चळवळ उभी राहिली नाही, कारण संख्या कमी, प्रदेश दोन देशांत कापलेला आणि नकाशावर स्वतःची रेघ नाही. पण ती शक्यता कायमची मिटली असं धरून चालणारे बेलग्रेडमधले अधिकारी चूक करतात. १ नोव्हेंबर २०२४ रोजी नोवी सादच्या रेल्वे स्थानकाचं छत कोसळून १६ माणसं मेली आणि सर्बियाभर विद्यार्थी रस्त्यावर आले, तेव्हा नोवी पझारच्या सरकारी विद्यापीठातले बोस्नियाक आणि सर्ब विद्यार्थी एकत्र उतरले. एप्रिल २०२५मध्ये देशभरातले विद्यार्थी त्यांच्या शहरात सभेला गेले. त्यांची प्रमुख मागणी स्थानकाच्या नूतनीकरणाची सगळी कागदपत्रं जाहीर करा ही होती, आणि ती नोवी साद, बेलग्रेड, नोवी पझार तिन्हीकडे एकच होती.